कोण रडून राहिलं?

लोकेशचा फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसमध्ये डबा उघडत होते. गोंदियाचा पोरगा, एरवी फोन उचलल्या उचलल्या हिंदीत दोन टोमणे मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला... आणि मग, "प्रणाली गई यार." माणसं अशा वेळी मटकन खाली बसतात, रडतात. मी काय केलं? समोरचा लॅपटॉप आधी बंद केला. त्यात एक फाईल होती आणि ती आपोआप सुरू होईल, अशी मला धडकी भरली होती. हे वाचून कोणी हसलं तरी चालेल. प्रणालीही हसली असती. मी भित्री आहे हे तिनं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं आणि त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता.

कॉलेजला शेवटच्या वर्षी आम्हाला भयपटाचा ट्रेलर आणि पोस्टर करायचं होतं. सिनेमा करायचा नव्हता, फक्त तो असल्यासारखं दाखवायचं होतं. गटात आम्ही तिघं होतो. दिग्दर्शन प्रणालीचं, कॅमेरा म्हणजे लोकेशचा मोबाईल, आणि घाबरणारी मुलगी मी. बाकीच्या गटांनी पांढऱ्या साड्या, मोकळे केस, लाल रंग असा सगळा सरंजाम जमवला. प्रणालीनं भूतच ठेवलं नाही. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, एक मुलगी बसली आहे आणि तिला कुणाचं तरी रडणं ऐकू येतंय, एवढीच गोष्ट. नाव तिनं ठेवलं, 'कोण रडून राहिलं?' सर म्हणाले, प्रमाण भाषेत करा. ती म्हणाली, "सर, भेव लागलं की माणूस घरच्याच भाषेत बोलते."

तिचं गाव सडक अर्जुनीपासून थोडं आत. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जुनं तळं, मधे मोहाची झाडं असलेली उंच पाळ. दिवस मावळल्यावर पोरींनी तिकडं फिरकायचं नाही, असा काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा, सक्त नियम होता. म्हणून आम्ही सगळं शूटिंग भर दुपारी केलं. नंतर रंग काळपट केले की रात्र होते, ही युक्ती लोकेशला ठाऊक होती. पण भर दुपारची ती पाळ मला रात्रीपेक्षा वाईट वाटायची. माणूस नाही, वारा नाही, पाणी जागच्या जागी. प्रणाली मला तळ्याकडे तोंड करून बसवायची आणि म्हणायची, मागं बघू नको. मी मागं कोण येणार म्हणून अर्धमेली व्हायचे, पण कॅमेरा सुरू झाला की चेहरा कोराच राहायचा. ती वैतागायची. "तू एवढी भेकड, अन् कॅमेऱ्यासमोर काऊन शूर होते व? भेव दाखवू नोको. आईक. दुरून काही येऊन राहिलं असं आईक."

'येऊन राहिलं.' ट्रेलरमध्ये मला एवढाच एक संवाद होता. तो कुठून आला ते मला होस्टेलवर कळलं. प्रणालीला सिकलसेल होता, अंगात अचानक कळा उठवणारा रक्ताचा आजार. आमच्या भागात हा आजार घराघरांत ऐकून माहीत असतो, त्यामुळं ती तो लपवायची नाही आणि त्याचं कौतुकही करायची नाही. एका सकाळी ती कॉटवर बसली होती, केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातात तसाच. भिंतीकडं बघत ती हळूच म्हणाली, "येऊन राहिलं." मला वाटलं, संवाद म्हणून दाखवतेय. मी हसलेसुद्धा. मग तिनं ओढणी दातांत धरली आणि गुडघे पोटाशी घेतले. त्या दुखण्याची चाहूल तिला आधी लागायची. यायच्या आधीचा तो थोडा वेळ दुखण्याहून भयानक असतो, असं तिनं मला नंतर सलाईन लावलेल्या हातानं गाल चोळत सांगितलं. त्या दिवसानंतर मला अभिनय जमला. मी तळ्याकडं बघत बसायचे आणि तिचा तो कंगवा धरलेला हात आठवायचे.

शूटिंगच्या शेवटच्या दुपारी काकू पाळीवर डबा घेऊन आल्या. लोकेशचा मोबाईल स्टँडवर सुरूच होता, प्रणाली मला कुठं बसायचं ते स्वतः बसून दाखवत होती. तेवढ्यात मोहावरून कावळा उतरला आणि थेट तिच्या डोक्यावर बसला. अगदी क्षणभर. तिनं "हाड!" केलं आणि तो उडाला. लोकेश हसला. पण काकूंना हातातला डबा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही, त्यांचा रंगच उतरला. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचा सांगावा, असं आमच्याकडं मानतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. लांब राहणाऱ्या नातेवाइकाला, ज्याच्या डोक्यावर कावळा बसला तो मेल्याचं खोटंच कळवायचं. नातेवाईक खरं समजून रडला की मरण आल्यासारखं होतं आणि निघून जातं. मग लगेच त्याला खरं सांगायचं. काकूंनी तिथंच, उभ्या उभ्या, सालेकशाला आपल्या भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची त्यांची सवय होती.

"प्रणाली गेली गा," काकू म्हणाल्या.

मामांनी "काय बोलून राहिली तू?" असं अगदी साध्या आवाजात विचारलं. मग जे सुरू झालं ते मी आजवर विसरलेले नाही. जड पोतं जमिनीवरून ओढत न्यावं तसा आवाज, आणि त्यात मधेच, "माही पोट्टी व... माही पोट्टी..." धडधाकट, हसरा माणूस तो, प्रणालीला खांद्यावर बसवून बाजारात फिरवणारा. आणि जिच्यासाठी तो रडत होता ती माझ्यासमोर बसून, मान वाकडी करून ते ऐकत होती. काकूंनी पुरेसं रडू दिलं आणि ओरडल्या, "जिती हाये गा, जिती हाये! डोक्यावर कावळा बसला होता!" प्रणाली फोनवर वाकली. "मामा, रडू नोको. मी आहो ना." मामांनी मायलेकींना जी शिव्यांची लाखोली वाहिली ती इथं लिहिता येत नाही. सगळे पोट धरून हसलो. हसताना मी मात्र प्रणालीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

स्टँडवरचा मोबाईल सुरूच राहिला होता, हे गोंदियाला लोकेशच्या घरी माझ्या लॅपटॉपवर एडिटिंगला बसल्यावर कळलं. सगळं रडणं त्यात आलं होतं. प्रणालीनं ते ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. पडदा काळा करायचा आणि त्यावर हे लावायचं. मी नको म्हणाले, हात जोडले. लोकेश म्हणाला, "साउंड तो जबरदस्त है यार, पर मुझे भी डर लग रहा है." "मंग झालं तर," ती म्हणाली, "दोघांले भेव लागलं म्हणजे बरोबर हाये." पोस्टरही तिनं त्यातूनच काढलं. रिकामी बाज, तिच्यावर पडलेला मोबाईल, आणि स्क्रीनवर 'मामा' असं नाव.

काकूंना समजलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या. "उतारा कोणी घरात आणून ठेवते का? थे रडणं देऊन टाकलेलं असते. ठेवत नसतात. पुसून टाक." प्रणालीनं पुसलं नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये ट्रेलर लागला तेव्हा आधी शिट्ट्या वाजल्या, मग रडणं सुरू झालं आणि पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सरांनी विचारलं, आवाज कुणाचा? "माह्या मामाचा. माह्यासाठी रडला," ती ऐटीत म्हणाली. सगळ्यांना ती थट्टा वाटली. मामासुद्धा पुढं सालेकशात ज्याला त्याला सांगायचे, आपलं रडणं गोंदियात गाजलं म्हणून.

आणि मग ती खरंच गेली. दुखणं दरवेळेसारखंच आलं होतं, पण या वेळी छातीत उतरलं. काकूंनी दवाखान्यातून भावाला फोन केला. मामा म्हणाले, "या डावानं नाई रडत बाई मी. बसला असंन कावळा." आणि हसून फोन ठेवून दिला. पुन्हा दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं. ते आले, खांदा दिला, तेरवीला पंगतीत वाढलं, पण त्यांच्या डोळ्याला पाणी नाही. लोक कुजबुजले. मला तर लोकांपेक्षा वेगळीच भीती खात होती. ते रडणं आम्ही ठेवलं म्हणून उपाय फसला का? देऊन टाकलेलं मरण त्या फाईलमध्ये राहिलं का? शिकलेल्या बाईनं असा विचार करू नये, हे मला कळतं. तरी लॅपटॉपवर मी उलटं ताट ठेवून झोपत होते.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मामा आलेत, तुला बोलावतात, ते घेऊन ये. 'ते' म्हणजे काय हे विचारायची गरज पडली नाही. दुपारी मी त्यांच्या गावी पोचले. ओसरीत मामा बसले होते, हात मांडीवर, निम्मे झालेले. म्हणाले, "माह्यानं रडणं होऊन नाई राहिलं पोरी. छाती फुटाले आली. माहं रडणं तुह्याजवळ हाये. लाव." मी काकूंकडं पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. फाईल उघडताना मी दोनदा चुकले. मग रडणं सुरू झालं. मामा परक्याचं ऐकावं तसं ऐकत राहिले. ट्रेलरमध्ये ते रडण्यावरच तुटतं, पण ही मूळ फाईल होती. काकूंचं ओरडणं आलं, आणि त्यामागून, अगदी जवळून, "मामा, रडू नोको. मी आहो ना." मग शिव्या, आणि तिचं हसू.

मग पुन्हा ते रडणं सुरू झालं. तेच पोतं ओढल्यासारखं, तेच "माही पोट्टी व". फाईल पहिल्यापासून लागली असं वाटून मी घाबरून बटण दाबलं. थांबेना. पुन्हा दाबलं, तरी थांबेना. काकूंनी माझा हात धरून बाजूला केला. फाईल संपून स्क्रीन केव्हाची काळी झाली होती.

"रडू दे त्याले," त्या म्हणाल्या.