टाचणी मावशीच्या निळ्या चिंध्या

माझ्या मावशीला सगळे टाचणी म्हणतात. ती तंबू शिवते म्हणून हे नाव पडलं असं ती सांगते. तिच्याशी दोन वाक्यं बोललेल्या माणसाला विचारा, तो खरं कारण सांगेल.

तिचे दोन्ही पाय लहानपणीच्या आजारात गेले. आधी कुबड्या होत्या, मग खांदे कुरकुरायला लागले तेव्हा चाकांची खुर्ची आली. खुर्चीच्या हातांना तिने जाड कापडाचे खिसे शिवलेत. उजव्यात कात्री, डाव्यात दोऱ्याची रिळं. पाठीमागच्या खिशात गोळ्या असतात, त्या माझ्यासाठी आहेत असं ती म्हणते आणि स्वतःच संपवते. शिलाई मशीनचं पेडल तिने टेबलावर आणून बसवलंय, ते ती कोपराने दाबते. त्या मशीनवर तिने आमच्या तळ्याकाठच्या तंबूमेळ्याचे सगळेच्या सगळे, एकशे चाळीस तंबू शिवले. एकोणीस वर्षं शिवतेय. त्यातल्या एकाही तंबूत ती कधी झोपलेली नव्हती.

पहिल्या वर्षी ती गेली होती. गेटापासून पाण्यापर्यंत तीनशे पावलं, सगळं गवत, खड्डे आणि तंबूंचे ताणलेले दोर. चाळिसाव्या पावलाला पुढचं चाक रुतलं. चार जणांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि गोणी परत करावी तसं गेटाशी आणून ठेवलं. वर म्हणाले, "मावशी, वजन काही फार नाही हं." ती घरी आली आणि म्हणाली, आता तिथे जाईन ती माझ्या चाकांवर, नाहीतर जाणार नाही. पाण्याकाठी झोपायची हौस मात्र तिची गेली नाही. दर वर्षी मी मेळ्याहून आले की ती तंबूच्या शिवणीची चौकशी करायची, आणि मग खाली बघत, दोरा ओवत विचारायची, "आणि पाणी कसं होतं?" मला त्या प्रश्नाचा फार राग यायचा. तिचा नाही, प्रश्नाचा.

यंदा मेळ्याचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. काखेत फाइल, फाइलीत नकाशा. अध्यक्ष माणूस वाईट नाही. पण चांगलं काम करायला घेतलं की ते आधी आरशात बघतात.

"यंदा मेळा सगळ्यांसाठी खुला," ते म्हणाले. "तुमच्यासारख्यांचा स्वतंत्र विभाग करतोय. विशेष विभाग."

"कुठे?"

"गेटाशी. तुम्हाला लांब जायला नको."

"आणि जनरेटर कुठे ठेवलाय?"

अध्यक्षांनी नकाशा फिरवून पाहिला. "गेटाशी."

"संडास?"

"तेही जवळच आहेत."

"म्हणजे आवाज, वास आणि आम्ही," मावशी म्हणाली. "सगळं एका जागी. बरं पडेल तुम्हाला."

अध्यक्ष हसले. आपल्याला टोचलंय हे त्यांना दुकानाच्या पायरीवर पोचल्यावर कळलं असावं, कारण तिथे ते जरा थांबले. तेवढ्यात मावशीने मागून हाक मारली. "चाकांसाठी वाट लागेल. जुन्या फाटक्या तंबूंच्या पट्ट्या शिवून देऊ का?"

"द्या की," अध्यक्ष म्हणाले. "किती लागतील?"

"लागतील तेवढ्या," मावशी म्हणाली.

महिनाभर आम्ही दोघी खपलो. चार पदरी पट्टी, मीटरभर रुंद, आणि दोन्ही कडांना आत दोर शिवलेला, म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्याच्या काठीला वाट कुठे संपते ते कळावं. तंबूच्या दाराशी खाली कापडाचा जो उंबरा असतो तो तिने बारा तंबूंचा कापून काढला. "एकोणीस वर्षं मीच शिवत होते हा," ती कात्री चालवताना म्हणाली, "दुसऱ्याला काय बोलू?" चेनीला लांब फिती लावल्या, बसल्या जागी हाताला येतील अशा. संडासाच्या सुताराला तिने आपल्या खुर्चीत बसवून आत पाठवलं. तो ऐटीत आत गेला, आणि मग त्याला दार लावता येईना, वळता येईना, आणि लाजेने ओरडताही येईना. दुसऱ्या दिवशी संडास हातभर आणखी रुंद झाला आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायला लागलं.

पट्टी मोजली तेव्हा ती तीनशे दहा पावलं भरली. मी मावशीकडे पाहिलं. गेटापासून विशेष विभाग वीस पावलांवर होता.

"मावशी, ही फार झाली."

"धुतल्यावर आटते," ती म्हणाली.

आता चिंध्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे तंबू ठोकणारे नकाशा बघत नाहीत. नकाशा भिजतो, फाटतो, वाऱ्यावर जातो. त्यांचा मुकादम मैदानात खुंट्या ठोकून ठेवतो आणि आदल्या दिवशी त्या खुंट्यांना रंगीत चिंध्या बांधल्या जातात. लाल चिंधीला पाहुण्यांचे नि समितीचे तंबू, पिवळीला कुटुंबांचे, आणि यंदा नवी निळी, विशेष विभागाची. चिंधी बघायची नि तंबू उभा करायचा, जास्त विचार करायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. आणि चिंध्या पहिल्यापासून आमच्या दुकानातून जातात. बांधायला मी जाते.

या वेळी निघताना मावशी म्हणाली, "निळ्या चिंध्या पाण्याकडे बांध. लाल जनरेटरकडे."

"नकाशात उलटं आहे."

"वाऱ्याने उलटला असेल."

मी काही भोळी नाही. मला सगळं कळलं होतं. तरी मी गेले, लाल चिंध्या जनरेटरकडे बांधल्या आणि पाण्याकाठच्या बारा खुंट्यांना बारा निळ्या चिंध्या बांधल्या. शेवटची बांधताना हसू येत होतं. मुकादम लांबून बघत होता. त्याने एकदा नकाशा काढला, एकदा चिंध्या पाहिल्या, आणि नकाशाची घडी करून त्यावर चहाचा कप ठेवला.

मेळ्याच्या दिवशी मावशी गेटाशी उतरली. कोणी हात लावायला पुढे आलं की ती कात्रीच्या खिशाकडे हात नेई. गेटापासून निळ्या चिंध्यांपर्यंत अंथरलेल्या पट्टीवर चाकं चढली आणि ती निघाली. मी मागून चालत होते, खुर्चीला हात न लावता. चाळिसाव्या पावलाशी ती क्षणभर थांबली, खाली पाहिलं, आणि पुन्हा चाकं ढकलली. मला रडू येत होतं, पण तिने मागे वळून पाहिलं असतं तर मला दिवसभर ऐकावं लागलं असतं, म्हणून मी नाक ओढत गप्प राहिले.

तासाभराने अध्यक्ष आले. त्यांना आपला तंबू सापडला होता. जनरेटरशेजारून आल्यामुळे ते अजूनही ओरडूनच बोलत होते.

"हा काय घोळ आहे? कोणी केली ही चूक?"

"चूक कसली?" मुकादम म्हणाला. "चिंधी निळी, तंबू विशेष. आम्ही चिंधी बघतो."

"चिंध्या कोणी बांधल्या?"

मावशीने खुर्ची माझ्यापुढे आणली. "बांधायला मी सांगितल्या. चूक नाही ती, मुद्दाम केलंय. हिला काही बोलू नका."

अध्यक्षांचा चेहरा लाल चिंधीसारखा झाला. "हे सगळं हलवावं लागेल. आत्ता."

"हलवा," मावशी म्हणाली. "मी अडवत नाही. फक्त एकेकाला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, की पाण्यावरून उठा."

शेजारच्या तंबूत गाण्याचे निवृत्त मास्तर होते. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ते काठीने पट्टीची कड चाचपत बाहेर आले. "अध्यक्षसाहेब का? माझ्या तंबूपासून पाणी सव्वीस पावलं आहे. तीनदा जाऊन आलो. गेटाशी पाणी किती पावलांवर आहे?"

अध्यक्षांनी मागे पाहिलं. पट्टीवरून दोन बाबागाड्या येत होत्या, पायाला प्लास्टर घातलेला एक जण येत होता, चहावाल्याची ढकलगाडी येत होती. अध्यक्षांची स्वतःची चाकांची बॅगसुद्धा त्याच पट्टीवर उभी होती. स्वयंसेवक गोळा झाले होते आणि सगळे अध्यक्षांकडे बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. ते बॅग ओढत जनरेटरकडे परत गेले.

संध्याकाळी मावशी पाण्याशी गेली. शेवटच्या चिखलावर मुकादमाने, कोणी न सांगता, दोन फळ्या टाकल्या होत्या. तिने वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"गार आहे," ती म्हणाली. "तू कोमट म्हणाली होतीस एका वर्षी."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"गाढव आहेस," ती म्हणाली, आणि ओला हात माझ्या तोंडावरून फिरवला.

तिसऱ्या दिवशी समारोप होता. समितीने कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापून ठेवलं होतं, विशेष विभागातर्फे आभाराचे दोन शब्द. छापलेलं बदलता येईना. अध्यक्षांनी दात आवळून मावशीचं नाव पुकारलं. व्यासपीठाला उतरण होती, ती सुताराची करामत. मावशी वर गेली, माइक खाली ओढला.

"आभाराचे दोन शब्द म्हणालात. माझ्याकडे तक्रारीचे आहेत. पाण्याकाठी डास फार. जमीन उतरती आहे, मी सकाळी उठले तेव्हा तंबूच्या दुसऱ्या टोकाला होते. बेडूक झोपू देत नाहीत. आणि मास्तर निवृत्त झालेत हे त्यांना कोणीतरी पहाटे पाचला सांगायला हवं."

लोक हसले. मास्तर सगळ्यात मोठ्याने हसले. मावशी हसू ओसरायची वाट बघत राहिली.

"गेली एकोणीस वर्षं मला या जागेबद्दल एकही तक्रार नव्हती," ती म्हणाली. "असणार कुठून? मी इथे नव्हतेच."

मग मास्तर उठले. "माझीही एक आहे. चहा गार मिळतो." मागून कोणी म्हणालं, "संडासाचं दार कुरकुरतं." आणि आणखी कोणी, आणि आणखी. विशेष विभागातले नि पिवळ्या चिंधीवाले, सगळे एकदम बोलायला लागले.

अध्यक्षांनी आपल्या भाषणाचा कागद पालथा घातला, खिशातून पेन काढलं आणि मावशीला विचारलं, "डास कुठल्या बाजूने येतात म्हणालात?"