दोनदा टकटक

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारचे जगतापकाका बनियनवरच धावत वर आले. "आलं, आलं! नवं विमान!" काकांचा जन्म विमानाच्या कारखान्यात गेला, आणि कारखान्याच्या या नव्या विमानाचं आज पहिलंच उड्डाण होतं. द्राक्षबागांवरून ते चढत होतं, अजून रंगही न दिलेलं, नुसत्या अस्तराचं पिवळट हिरवं. पंख आधीच्या विमानांपेक्षा निमुळते. माझ्या अंगावर काटाच आला.

"काय सुंदर पंख काढलेत हो!"

"कागदावर काढणारे मोठे लोक. आम्ही जोडायचो," काका म्हणाले. "बाहेरून एक जण पत्र्यात रिव्हेटची खीळ ठोकायचा, आतून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचो. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, त्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. मग मी आतून टकटक करायचो. एकदा म्हणजे अजून मार. दोनदा म्हणजे बसलं, चल पुढे."

रेघ ओढणाऱ्यानं ठोकणाऱ्याला पाहिलेलं नसतं, ठोकणाऱ्यानं वैमानिकाला. आणि तरी एवढं मोठं धूड बेधडक हवेत सुटतं! केवढा हा भरवसा!

विमान डोंगराला वळसा घालून परत आलं, उन्हात लखकन चमकलं आणि अलगद धावपट्टीवर टेकलं. मी टाळ्याच पिटल्या. काकांनी मात्र जिन्यावरच्या पत्र्याकडे हात नेला आणि बोटानं दोनदा टकटक केलं.