दोन डोंगर, भाकर, फुली

माझ्या सात महिन्यांच्या गरोदर सुनेला मी नवऱ्याच्या टाचेचं औषध खायला घातलं. हे एका दमात सांगून टाकलेलं बरं, नाहीतर गोष्ट सांगता सांगता मी स्वतःला शहाणी ठरवत जाते, ही माझी जुनी खोड.

नात आता पाचवीत आहे, म्हणजे झाली दहा-अकरा वर्षं. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर तेव्हा सातवी शिकलेली बाई मी एकटीच. इंग्रजी अक्षरं लावता यायची. अर्थ काही कळायचा नाही, पण वाचायचे अशा थाटात की समोरच्याचा अर्धा ताप तिथेच उतरावा. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या आणि रंगावरून ओळखायच्या. पिवळी पोटाची, पांढरी डोक्याची, आणि लाल-काळी कॅप्सूल म्हणजे सगळ्यांची थोरली. पू, ताप, ठणका, काहीही असो. त्या वेळची मी आज वाटेत भेटले तर तिचे दोन्ही कान पिळीन. पण ती कसली ऐकतेय! उलट मलाच जीभ दाखवायला लावेल आणि एक गोळी देईल.

नवऱ्याच्या टाचेत बांबूचा खुंट घुसला होता. दवाखान्यातून लाल-काळ्या कॅप्सूलच्या दोन पट्ट्या मिळाल्या, सगळ्या संपवायच्या असं बजावून. चौथ्या दिवशी तो नीट चालायला लागला. चालत्या माणसाने औषध कशाला खायचं, असं म्हणत मी दुसरी पट्टी काढून घेतली. शेजारी जाऊबाईच्या काखेत गळू झालं होतं. आमच्याकडे कोंबडं कापलं तरी वाटा शेजारी जातो, मग औषधाचा का नको? कात्री घेतली, पट्टी मधोमध कापली. अर्धी तिला, अर्धी डब्यात.

उन्हाळा लागला. विहिरीच्या तळाशी वाट्या-वाट्यांनी पाणी भरायचं, एका हंड्यासाठी सगळी सकाळ जायची. सून स्वतः प्यायचं पाणी वाचवत होती, हे मला नंतर कळलं. आधी तिला लघवीला आग व्हायला लागली, मग थंडी वाजून ताप आला. मी डबा उघडला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल दिली. ताप उतरला तसं औषध बंद केलं आणि उरलेली एक जपून ठेवली. पुढच्या दोन दिवसांत मी ही विद्या पाड्यावर तीन घरी सांगून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून अंगणातच खाली बसली. दात वाजत होते, एक हात कमरेवर आणि एक पोटावर. जीपने मोखाड्याचा दवाखाना गाठला. तिथे ताप पाहून लगेच जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तिथली डॉक्टरीण अगदी पोरगेली. तिने सुनेच्या पाठीवर बरगडीखाली हलकेच बुक्की मारली, सून कळवळली. लघवीतले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत, म्हणाली. पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकले. खूप वेळ ऐकले. मग माझ्याकडे वळली.

"मावशी, घरी काही औषध दिलं होतं?"

"छे! डॉक्टरला विचारल्याशिवाय आम्ही काय देणार?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिची चादर नीट करायला लागले. चादर नीटच होती.

नर्स लघवीचा नमुना न्यायला आली. तिला डॉक्टरीण सांगत होती, "कल्चरला लाव. कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते तीन दिवसांनी कळेल. आज आपण अंदाजाने इंजेक्शन सुरू करू. आधी काही घेतलेलं नाही, त्यामुळे नमुन्यात जंतू नक्की सापडतील."

आधी काही घेतलेलं नाही! हे माझंच वाक्य माझ्यासमोर औषधाच्या कागदावर चढत होतं. सुनेचे डोळे मिटलेले, ओठांना पापुद्रे धरलेले. मी उठले आणि व्हरांड्यात डॉक्टरणीला गाठलं.

"बाई, दिली होती. लाल-काळी."

"लाल-काळी काय?"

"कॅप्सूल. चार."

"मावशी, लाल-काळी हे रंगाचं नाव झालं, औषधाचं नाही. त्या रंगात कितीतरी औषधं येतात. पट्टी कुठंय?"

पट्टी कमरेच्या पिशवीत होती, उरलेल्या एका कॅप्सूलसकट. नाव मागे एकदाच, लांबलचक छापलेलं, आणि कात्री नेमकी त्याच्यावरून गेलेली. माझ्या तुकड्यावर शेवटची तीनच अक्षरं होती. एल, आय, एन. त्यापुढची कड झिजून पांढरी पडलेली.

डॉक्टरणीने तुकडा उजेडात धरला. "याच्या पुढे 'ई' होता का?"

"एका ई-नं काय होतं?"

"ई नसेल तर ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं. गरोदरपणी चालतं. ई असेल तर दुसऱ्या घराण्यातलं असू शकतं. ते पोटातल्या बाळाच्या हाडा-दातांना बाधतं, म्हणून या महिन्यांत देतच नाहीत." मग आवाज उतरवून म्हणाली, "दुसरा तुकडा आहे कुठे?"

तुकडा सूर्यमाळला, जाऊबाईच्या घरी. पाड्यात फोनला रेंज नाही. जाऊबाई मात्र ठाण्याला कामावर असलेल्या नवऱ्याशी बोलायला रोज दुपारी शाळेमागच्या खडकावर चढायची. इकडे नमुना गेला, पहिलं इंजेक्शन दिलं. मी व्हरांड्यात फोन लावत बसले. दहा वाजल्यापासून फोनमधली तीच ती बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. बाराच्या पुढे एकदाची घंटी वाजली.

"काय गं बाय, पोरगी बरी हाय ना?"

"ते सोड. मी दिलेल्या गोळ्यांची पट्टी ठेवलीस का?"

"दोन खाल्ल्या, गळू फुटलं. बाकी ठेवल्यात तुझ्यासारख्या, डाक्टरीण व्हायला."

"पळ, घेऊन ये. पळ म्हणते ना!"

ती घरी जाऊन परत खडकावर येईपर्यंत मी उभीच होते. डॉक्टरीणही तीनदा येऊन गेली. चौथ्यांदा आली तेव्हा फोन वाजला. पण जाऊबाईला इंग्रजी सोडा, मराठी अक्षरही लागायचं नाही.

"चित्र सांग," मी म्हणाले. "जसं दिसतं तसं सांग."

"एक वाटोळं हाय. भाकरीसारखं. त्याच्या म्होरं फुली. फुलीम्होरलं पुसलंय."

मी डॉक्टरणीला सांगितलं, "ओ. मग एक्स."

मला वाटलं सुटलो. तिचा चेहरा मात्र तसाच. "ते दोन्हींत येतं," ती म्हणाली. "भाकरीच्या आधी काय आहे?"

"आधीचं फाटलंय," जाऊबाई म्हणाली. "तिथलीच गोळी काढली मी."

"अंगठ्याने दाबून सरळ कर. हळू. नख लावू नको."

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. आतून सुनेचं कण्हणं. मी फोन कानात घालायचा तेवढा बाकी ठेवला होता.

"अगं, हे तर डोंगर हाय," जाऊबाई म्हणाली. "दोन. जोडून."

"एम," मी म्हणाले.

डॉक्टरणीने डोळे मिटून श्वास सोडला. "अमॉक्सिसिलिन. बाळाला धोका नाही." मी तिचे हात धरायला गेले तर तिने बोट वर केलं. "थांबा. बाळाला धोका नाही, पण सुनेला फायदाही झालेला दिसत नाही. अर्धवट मार खाल्लेले जंतू आहेत ते. इंजेक्शनला दाद देतात का, बघू."

पुढचे दोन दिवस ताप वर-खाली होत राहिला. मी तांब्या हातात घेऊन बसायचे, सून नको म्हणेपर्यंत पाणी पाजायचे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, एस नाहीतर आर. माझ्या अमॉक्सिसिलिनपुढे आर. अक्कल अजूनही जागेवर नव्हती. मी नर्सला म्हणाले, "बघा, आर! म्हणजे रामबाण."

नर्स तोंडावर हात धरून हसली. डॉक्टरीण हसली नाही. "आर म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाहीत. एस म्हणजे मरतात. इंजेक्शनपुढे एस आहे, तेच चालू ठेवायचं. आणि ताप गेला म्हणून मध्येच बंद करायचं नाही."

त्या संध्याकाळी ताप उतरला आणि उतरलेलाच राहिला. बाळाचे ठोके या वेळी मलाही ऐकवले. पळत्या शेळीच्या खुरांसारखे होते.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीण पुढच्या गोळ्या समजावून गेली. पट्टी घ्यायला मी हात पुढे केला, तर सुनेने ती आधीच स्वतःच्या ओटीत टाकली. ती सहसा माझ्यापुढे मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "आत्या, तुम्ही तिला खोटं सांगितलंत, तेव्हा मी तुमचा मान राखून गप्प बसले. पोटात पोर असताना गप्प बसले. आता नाही बसायची."