पाण्याच्या पाळीचं लायसन्स

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी जगाला काहीतरी फुकट द्यायला निघालो, आणि जगानं माझ्याकडे कागदपत्रं मागितली.

मी भंडाऱ्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. गाव एकोडीच्या पलीकडे, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी पावसानं ताण दिला की तलावाचं पाणी सोडतात, आणि ते कोणाच्या बांधीत कधी जाईल हे माझे मोठेबाबा ठरवतात. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सत्तावीस घरांच्या पाळ्या. वरच्या बांध्या आधी; पण ज्याच्या घरी मयत झाली त्याची पाळी तेरवीनंतर; गेल्या साली ज्यानं आपली पाळी अडलेल्याला दिली तो यंदा एक घर वर. हे सगळं त्यांच्या लांबट वहीत आहे, आणि जे वहीत नाही ते डोक्यात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या वहीचे फोटो काढले आणि पाळी लावून देणारा छोटा प्रोग्राम लिहिला. जगभरचे लोक आपापले प्रोग्राम इतरांसाठी जिथं मोकळे ठेवतात, अशा एका साइटवर तो पाठवला. तिथं आधी एखादा स्वयंसेवक तपासतो, मग पास करतो. त्यानं पास करायच्या आधीच मी घरच्या ग्रुपवर बातमी टाकून फुलांचे गुच्छ गोळा केले होते, ही माझी घाई.

फॉर्मात एक रकाना होता, लायसन्सचा. म्हणजे दुसऱ्यांनी हे कोणत्या अटींवर वापरायचं. मी त्यात लिहिलं, ‘घरचंच आहे.’

चौथ्या दिवशी तपासनिसाचं उत्तर आलं. अगदी नम्र. त्या नम्रपणानंच माझं डोकं फिरलं. दोन प्रश्न होते. घरचं म्हणजे कोणाचं? वही काकांची आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग कोणीही, कुठंही, न विचारता हे वापरावं, याला त्यांची लेखी मुभा आहे का? आणि दुसरा: तुमच्या गावाबाहेर हे कोणाच्या कामाचं?

बायकोनं माझ्या खांद्यावरून वाचलं. “दुसरा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. तुम्ही म्हणाले, तुला यातलं कळत नाही. आता त्याला लिहा ना तसंच!”

मी तीन परिच्छेद लिहिले. आमच्या जिल्ह्यात गावोगाव तलाव आहेत, प्रत्येक तलावाखाली पाळ्या आहेत, वगैरे. तपासनिसानं एका ओळीत विचारलं, दुसऱ्या एखाद्या गावात चालवून पाहिलंत का? आमच्या कॉलेजातले एक सर सिहोऱ्याकडचे. त्यांना मोठ्या हौशीनं प्रोग्राम दाखवला. ते म्हणाले, “सर, आमच्याकडं पाणी खालच्या बांधीपासून सुरू होते.” झालं. सुट्टीभरची मेहनत एका वाक्यात उलटी.

तरी मी हटलो नाही. उपयोगाचं पुढं पाहू, निदान लायसन्स तरी धड करू, म्हणून रविवारी गावी गेलो. मोठेबाबा सपरीत, घरापुढच्या ओसरीवर, बसले होते.

“मोठेबाबा, एक सही पाहिजे.”

“कायची?”

“तुमच्या वहीतलं कोणीही वापरू शकते, याची.”

“वापर ना बाप्पा. मी कधी नाही म्हटलं का?” त्यांनी पेन घेतलासुद्धा.

“लेखी लागते. कोणीही, न विचारता.”

पेन थांबला. “न इचारता? काहून?”

वीस वर्षं शिकवतोय, पण एवढा अवघड प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही.

“फुकट ने म्हणा त्यायले,” ते म्हणाले. “पण इचारून ने म्हणा. शेजारी कुदळ नेते तं इचारून नेते.”

“अहो, तो माणूस कोणत्या देशात आहे हेही मला माहीत नाही!”

“मंग तं इचारलंच पाह्यजे. त्याले आपला तलाव कुठं मालूम आहे?”

आतून मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, बोलली, “रोवण्याच्या दिवसात चार लोकं इचारायले येते, तेवढंच तुह्या मोठेबाबाचं मन लागते. आता तेबी मोबाइलमंधी घालून राहिला का तू?”

मोठेबाबांचे गुडघे गेल्यापासून ते बांधीत उतरत नाहीत. लोक सपरीत येऊन विचारतात, ‘आमची पाळी कधी?’ एवढंच त्यांच्याकडं उरलंय. आणि लोकांनी यायचं बंद करावं यासाठी मी खुद्द त्यांचीच सही न्यायला आलो होतो. हे लक्षात आल्यावर मला शरम वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी चीडच आली. एवढं साधं काम, आणि कोणीच सरळ होऊ देईना!

भंडाऱ्याला परतून मी लायसन्स नव्यानं लिहिलं: ‘फुकट. बदला, वाटा, विका. फक्त आधी मोठेबाबांना विचारा.’ तपासनिसानं त्याच दिवशी कळवलं की विचारायची अट असेल तर त्याला मोकळं म्हणता येत नाही; दोन्हींपैकी एक निवडा. मी दोन तास तावातावानं उत्तरं लिहिली आणि खोडली. अट काढली असती तर पास झालं असतं, गुच्छही हक्काचे झाले असते. शेवटी प्रोग्रामच मागं घेतला.

मोठेबाबांना फोन केला. “नाही घेतलं त्यांनी.”

“काहून?”

“विचारायची अट चालत नाही त्यांना.”

“लाजत असन तो. माहा नंबर दे त्याले. म्हणा, दुपारी झोपतो मी, चार वाजल्यावर फोन कर.”

असा नंबर तिथं उघड्यावर टाकता येत नाही. मी बंद झालेल्या पानाखाली एवढंच लिहिलं की वहीचे मालक विचारल्यास हो म्हणतील, माझ्यामार्फत विचारा. कोणी विचारलेलं नाही. रोवणी सुरू झालीय, सपरीत लोक येतायत, तरी रविवारी गेलो की मोठेबाबा मला बाजूला घेतात.

“नंबर बरोबर देल्ला ना तू?”

मी हो म्हणतो.