आईचे गुडघे

माझी आई ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आणि मी शिकवते त्या क्लासात भलताच समज पसरलेला आहे.

मी एमबीए करायला इंग्लंडला गेले ते सगळं पुणं कुठे ना कुठे निघालेलं असताना. ज्याची त्याची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालली होती. मी बी.कॉम., पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेब तपासणारी. आई म्हणाली, "धंदा शिकायला इतक्या लांब? बुधवार पेठेत एखाद्या दुकानात जाऊन बस, फुकट शिकवतील." बोलली तेवढंच. निघायच्या दिवशी बॅगेत लोणचं मात्र तिनंच कोंबलं.

तिकडे शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट करायचा होता. एखाद्या कंपनीचं काम स्वस्त देशात कसं हलवावं, हा विषय मी घेतला. शहर अर्थातच पुणे. इंग्रजी येणारी मुलं, ढीगभर कॉलेजं, खराडीला उभ्या राहणाऱ्या इमारती, सगळं तिखटमीठ लावून मांडलं. टप्पेही पाडले: आधी सोपं काम हलवा, मग अवघड, आणि सगळं बसलं की साहेबही पुण्यातलाच नेमा. सरांनी वर्गात माझं कौतुक केलं. त्या प्रोजेक्टच्या जोरावरच मला तिथल्या एका विमा कंपनीत नोकरी लागली. घरांच्या नुकसानीचे दावे तपासायचं खातं होतं. मी दोन-तीन वर्षं दावे तपासले, आणि मग कंपनीनं ते खातं खरोखरच पुण्याला हलवायचं ठरवलं.

काम शिकवायला मला पाठवलं. साहेब म्हणाले, हे नीट पार पाडलंस तर दोन्हीकडच्या टीमची प्रमुख तू. मला दुसरं काही नकोच होतं. तिथे राहण्याचा माझा परवानाही नोकरीवर होता. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. पण नोकरी कशाला जाईल? पुणं माझं, काम माझं, शिकवणारी मी. तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश होते की आता आठवलं तरी संताप येतो.

कंपनीनं स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरवलं. आई स्वारगेटला, आणि मी हॉटेलात! "पाहुणी आलीयेस का आमच्या गावात? मग सारसबाग दाखवते," आई फोनवर म्हणाली. मी म्हटलं, अगं, गाडी न्यायला येते सकाळी. "येऊ दे की. इथे काय गाड्यांना बंदी आहे?"

खराडीला तेव्हा एका अंगाला काचेची इमारत आणि दुसऱ्या अंगाला ज्वारी उभी होती. माझ्यासमोर बसलेल्या मुलांमध्ये वाशिमची एक मुलगी होती. चंदननगरला तिघी-चौघींबरोबर खोली घेऊन राहायची. पहिल्याच दिवशी हात वर करून म्हणाली, "मॅडम, नळातलं पाणी गोठते म्हणजे काय होते?" बाकीचे फिदीफिदी हसले. खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. थंडीत तिकडे पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो, मग भिंत ओली, गालिचा ओला, आणि लोक ओल्याबरोबर कोरडंही भरून मागतात, हे मी तिला चित्रं काढून समजावलं. कोणता दावा खरा, कोणता फुगवलेला, कुठे वाक्यातच खोट दिसते, जे जे मला येत होतं ते सगळं ओतलं. हातचं राखणं मला जमत नाही. त्या मुलीला शिकवताना तर मजा यायची. थोड्याच दिवसांत ती फुटलेल्या पाइपांबद्दल अशी बोलायला लागली की जणू वाशिमला घरोघरी फुटतात.

या कामात एक पद्धत असते. शिकवून झालं की शिकणाऱ्यानं तेच काम उलटं शिकवणाऱ्याला शिकवून दाखवायचं, आणि शिकवणाऱ्यानं मधे तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी साहेब स्पीकरफोनवर होते. वाशिमच्या मुलीनं माझं काम मला समजावून सांगितलं. एकही चूक नाही. माझी उदाहरणं तिनं माझ्याहून बरी सांगितली. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग फोनमधून साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काम चालवायला यांना आता तुझी गरज आहे का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. पास की नापास, एवढंच तिला कळायचं होतं. मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही."

टाळ्या पडल्या. आईला मी त्याच संध्याकाळी पेढे नेऊन दिले.

परत गेले तर साहेबांनी खोलीत बोलावलं. प्रमुखाची जागा आता पुण्यातच ठेवायची ठरलंय, म्हणाले, तिकडच्या पगारावर, तिकडचा माणूस. माझाच प्रोजेक्ट, त्यातला माझाच शेवटचा टप्पा! मी म्हटलं, "अहो, मी पुण्याचीच आहे." ते प्रेमानं हसले. "छे, छे. तू तर आमची, इकडची." इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मी झुरले, तो मला नोकरीवरून काढताना मिळाला.

परवान्याची मुदत संपेपर्यंत तिथे खूप अर्ज केले. काही झालं नाही. पुण्यात आले. इथे सगळ्यांना माझी डिग्री आवडायची आणि मी नकोशी असायचे. "तुम्ही टिकाल का आमच्याकडे?" "लग्नाचं काय ठरवलंय?" "तिकडचा अनुभव आहे हो, पण इथला कुठाय?" शेवटी मानापमान गुंडाळून ठेवून खराडीच्या त्याच ऑफिसात गेले. वाशिमची मुलगी आता टीम लीड झाली होती. धावत खाली आली, सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. म्हणाली, "मॅडम, मी लय सांगून पाहिलं. ते म्हणतात, तुम्हाला माझ्या हाताखाली कसं बसवायचं? बरं नाही दिसत." मी म्हटलं, मला चालेल. तिला रडूच फुटलं. मग मीच तिला पाणी पाजलं आणि घरी आले.

आता मी एका क्लासात शिकवते. परदेशी एमबीएला जाणाऱ्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेते. बाहेरच्या फलकावर माझा फोटो आहे, खाली मोठ्या अक्षरात माझ्या विद्यापीठाचं नाव. त्या डिग्रीनं मला दिलेली ही एवढीच नोकरी टिकली. पहिल्याच दिवशी क्लासच्या मालकांनी बजावलं, "मुलं विचारतील, मॅडम परत का आलात. खरंखोटं मला सांगू नका. त्यांना सांगा, आईच्या आजारपणासाठी." मी सांगते. दर बॅचला सांगते. मुली माझ्याकडे फार आदरानं बघतात.

यंदाच्या बॅचमध्ये आमच्याच सोसायटीतली एक मुलगी निघाली. परवा तिच्या आईनं खाली पार्किंगमध्ये माझ्या आईला गाठलं. आई मंडईतून चालत आलेली, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. "आता कशी आहे हो तब्येत? तुमच्यासाठी पोरीनं सगळं सोडलं म्हणे."

हे मला आईनंच सांगितलं, गवार निवडता निवडता. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरंय म्हटलं, मुलगी आली ना." तिनं एक जून शेंग बाजूला टाकली. "पुढच्या वेळी कुठला आजार ते आधी सांगत जा. मी आयत्या वेळी गुडघे सांगितले."

मला हुंदका आवरेना. म्हटलं, "आई, मला काढून टाकलं गं तिकडून. तुझ्यासाठी नाही आले मी. मला कुणीच ठेवून घेतलं नाही."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "पेढे खायला घातलेस त्याच दिवशी तू सांगितलंस ना, मी त्यांना म्हटलं माझी गरज नाही म्हणून. तेव्हाच मी ओळखलं होतं. रडू नको. गवार निवड."

दुसऱ्या दिवशी क्लासला निघायच्या आधी मी गॅलरीत उभी होते. आई खाली उतरली. क्लासातल्या त्या मुलीच्या घराच्या खिडकीसमोरून जाताना ती गुडघ्यावर हात ठेवून, एक पाय ओढत, हळूहळू चालली. फाटकाबाहेर पडल्यावर पदर खोचला आणि झपाझप बसस्टॉपकडे गेली.