आंधळे मणी

आमच्या पालेगावच्या गॅलरीत दुपारी ऊन असं येतं, की माणूस जागा आहे की झोपलाय हे त्याचं त्यालाच कळत नाही. आई त्या उन्हात पाट टाकून बसते आणि काळे मणी ओवते. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी शेठ मंगळसूत्रं विकतात, त्यांचं काम ती वर्षानुवर्षं घरी आणते. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात मणी, खांद्याशी बाबांच्या लिलीची कुंडी. सुई मण्यांतून फिरली की बारीक सरसर ऐकू येते. त्या आवाजात मी कितीतरी दुपारी पेंगले आहे.

लिलीचा कांदा बाबांनी महाबळेश्वरहून आणला होता. नारिंगी, ठिपक्याठिपक्यांची लिली. आपल्या उकाड्यात ही जगायची नाही, असं जो तो सांगायचा. बाबा कसले ऐकतात! थंडीच्या दिवसांत रोज सकाळी फ्रिजमधला बर्फ कुंडीत घालायचे. कांद्याला वाटलं पाहिजे आपण अजून महाबळेश्वरातच आहोत, म्हणायचे. आणि खरंच, एकदा ती फुलली. त्याच वर्षी बाबा गेले. किरकोळ ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी, असं सांगून त्यांना नेलं होतं. त्यानंतर बर्फ आई घालायला लागली.

त्यामुळे आईला मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. "दिसतंय तेवढं पुष्कळ आहे मला." मी समजावलं, रागावले, रडले. ही ढिम्म.

गेल्या श्रावणात तिची नवीनच कुरकुर सुरू झाली. "मेले आंधळे मणी पाठवायला लागलाय हल्ली शेठ." भोक नसलेल्या मण्याला ती आंधळा म्हणते. सुई टोचून टोचून दमायची आणि तो मणी हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकायची, शेठना परत करायला. एका दुपारी सुई बोटातच घुसली. रक्त पाहिलं आणि माझा तोल गेला.

"मणी नाहीत गं आंधळे, तू आंधळी झालीयेस!"

बोलून बसले. आईने ताट खाली ठेवलं, बोट पदरात गुंडाळलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला माझीच लाज वाटत होती, पण चुकलं म्हणायला जीभ काही रेटेना.

त्यातच लिलीचा दांडा आडवा झाला. माती उकरली तर कांद्याचा नुसता लगदा. आईने चिमूटभर माती नाकाशी नेली. "गेला," एवढंच म्हणाली. बाबांच्या वेळीही ती एवढंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने हिंगाची डबी माझ्या हातात दिली. "शेठना दाखव. आणि विचार, कोण आंधळं ते."

कॅम्प दोनमधल्या त्या चिंचोळ्या दुकानात मी डबी काउंटरवर उपडी केली. शेठनी चष्मा लावला, एक मणी उचलला आणि हसायलाच लागले. "बेटा, ये मेरा माल नहीं है. इसको तो जड़ निकली है."

मी वाकून पाहिलं. काळा, चकचकीत मणी आणि त्याच्या बुडाशी पांढरं, दोऱ्याएवढं मूळ. अगं बाई! लिलीच्या दांड्यावर, पानापानाच्या बगलेत हे असेच काळे दाणे धरले होते. कीड असेल म्हणून मी नीट पाहिलंही नव्हतं. पिकले की ते गळतात आणि पडतील तिथे रुजतात. उजेडासाठी आई कुंडीला खेटून बसायची, ते थेट तिच्या ताटात पडत होते. त्यांना भोक असणार कुठून? रिक्षात मी डबी दोन्ही हातांनी धरून बसले होते. बाहेर अंबरनाथ सरकत होतं आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

घरी आल्यावर एक दाणा आईच्या तळहातावर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, शेवटी मिटल्या डोळ्यांनी अंगठ्याने चाचपला. माहेरी कोंबाचा डोळा बघून उसाच्या कांड्या लावलेली बाई ती. लगेच ओळखलंन.

"डोळा फुटलाय गं याला."

"लिलीचा आहे, आई. बाबांच्या. डबीत अकरा आहेत." मग एकदाचं म्हटलं, "तू बरोबर होतीस. चुकलं माझं."

सगळे दाणे तिने हाताने चाचपत कुंडीत लावले, वर माती सारखी केली.

"फूल कधी येईल?" तिने विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी लागतील," मी मोबाइलवर बघून सांगितलं.

ती बराच वेळ मातीवर हात ठेवून बसली. ऊन तिच्या पायांवरून भिंतीवर गेलं.

"मग त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लाव," ती म्हणाली. "तोवर मला दिसायला हवं."