डोळे न काढलेलं पान

दत्तराव पेंटर रोज सकाळी पहिला ब्रश ओला केला की डाव्या अंगठ्याच्या नखावर एक डोळा काढायचे. हात थरथरत नाही ना, एवढं बघायचे आणि नख लेंग्याला पुसून कामाला लागायचे. जिंतूरच्या बसस्टँडसमोरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. देवळाच्या भिंतीवरचे द्वारपालही त्यांचेच.

कॉलेजात शिकणारी विमल त्यांच्याकडे अक्षरांत रंग भरायला यायची. "पोरीची जात आन् पाट्या रंगवायलीय," असं कुणी म्हटलं की दत्तराव म्हणायचे, "मग तुमची पाटी तुमीच रंगवा."

शिकवताना त्यांचा नियम एकच, डोळे शेवटी. "डोळे उघडले की चित्र आपलं ऱ्हात न्हाई. ते त्याच्या वाटेनं जातं."

१९८६च्या डिसेंबरात विमलने कॉलेजच्या हस्तलिखित अंकासाठी चित्रकथा काढायला घेतली. नायिका वीजकन्या. येलदरी धरणाच्या वीजघरातून ताकद घेऊन आभाळात उडणारी. तिचे गुरू रंगाचार्य. त्यांना चेहरा मात्र दत्तरावांचा, दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यासकट. अकराव्या पानावर रंगाचार्य धरणाच्या भिंतीवरून कोसळून मरतात.

पान बघून दत्तराव पोट धरून हसले. "मला पाडलंस व्हय गं? आन् तेबी डोस्क्यावर! जरा कमरंवर पाडायचं व्हतंस."

तिसऱ्या दिवशी ते कापसाच्या एका जिनिंगच्या भिंतीवर अक्षरं आखत होते. चुन्याखालून विद्यापीठाच्या नामांतराच्या जुन्या घोषणा अजून पुसट दिसत होत्या. शिडी सरकली. दत्तराव डोक्यावर पडले. त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलं, पण शुद्ध नव्हती.

विमलच्या तोंडचं पाणी पळालं. तिला कुणी काही बोललं नाही. त्या पानाचं कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. कागदाने केलं ते कागदानेच फिरवायचं, असं तिने ठरवलं. बाराव्या पानावर वीजकन्येने गुरूचा देह वीजघरात आणला. तेराव्यावर धरणाचं पाणी आणि वीज एक झाली. चौदाव्यावर रंगाचार्य उठून बसले. चष्मा काढून झाला, मिशा झाल्या, ओठही झाले. डोळे तेवढे राहिले.

तिथे ब्रश थांबला. ते त्याच्या वाटेनं जातं. पण कुठल्या वाटेनं? घराकडच्या, की दुसऱ्या? तिने दोनदा ब्रश भिजवला, दोनदा तो तसाच वाळला. शेवटी पान गुंडाळून, ब्रश आणि शाईची बाटली पिशवीत टाकून तिने परभणीची बस धरली. काढायचे तर त्यांच्यासमोरच काढू. जे व्हायचं ते डोळ्यांदेखत होईल.

दवाखान्याच्या दारातच दत्तरावांच्या बायको, सरजाबाई भेटल्या. "शुद्धीवर आले गं! सकाळपास्नं तंबाखू मागायलेत."

विमलला रडूच फुटलं. खाटेजवळ जाऊन ती म्हणाली, "काका, मीच पाडलं तुम्हाला."

"येडी हायस का?" दत्तरावांचा आवाज बारीक झाला होता. "शिडीचा एक पाय फरशीवर व्हता, एक मातीत. तीस वर्षं शिडी चढायलोय आन् पाय बघितला न्हाई. तुजा काय संबंध? दाव ते पान."

त्यांनी पान बराच वेळ धरलं. "डोळे ऱ्हायलेत."

"भीती वाटायलीय, काका."

या वेळी ते हसले नाहीत. पान त्यांनी हळूच परत दिलं. "मग ऱ्हाऊ दे. काई घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तराव गेले. डॉक्टरांनी डोक्यातला रक्तस्राव हे कारण सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. विमललाही दिवसा पटतं. हस्तलिखितात चौदावं पान तसंच गेलं, चष्म्याच्या काचांत कोरा कागद. पुढे ती मास्तरीण झाली, विद्यापीठाचं नाव बदललं, पण माणसाचं चित्र काढताना डोळ्यांपाशी तिचा ब्रश अजून थांबतो. त्या दुपारी डोळे काढले असते तर काका राहिले असते, की तिच्यासमोरच गेले असते?

दत्तरावांना असलं काही सुचलं नसावं. त्या दुपारी विमल निघाली तेव्हा त्यांनी उशीवरूनच मान वळवली.

"पाचच्या जिंतूर गाडीला लय गर्दी आस्ती, पोरी. खिडकीतून रुमाल टाक आन् जागा धर."